अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाशी परिचारिकेचा संवाद

पक्षाघात, मणक्याची इजा, खुब्याचा अस्थिभंग किंवा वार्धक्य यांमुळे ज्याची हालचाल मर्यादित झाली आहे, अशा रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिकेने त्याच्याशी बोलण्याची, त्याचे ऐकण्याची व उत्तरासाठी थांबण्याची रीत. परिचारिका-रुग्ण संबंध परिचर्येच्या केंद्रस्थानी असल्याची मांडणी अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये केली.

अशा रुग्णाला घोटभर पाणीही मागावे लागते. म्हणून अंगाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगणे व होकार घेणे आवश्यक मानतात. शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमा) टाळण्यासाठी साधारणतः दर २ तासांनी कूस बदलताना ‘आजी, डाव्या कुशीवर घेते, उजवा हात छातीवर ठेवा’ असे सांगितल्यास रुग्ण घाबरत नाही आणि जमेल तेवढा हातभार लावतो. वाचा गेलेल्या रुग्णाला मानेने किंवा पापणीने हो-नाही सांगता येईल असे छोटे प्रश्न विचारावे लागतात. आवाज चढवून काही साधत नाही, कारण त्याला बहुधा नीट ऐकू येत असते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी व कन्नड शेजारी नांदतात, आणि सिस्टरची भाषा रुग्णाची असेलच असे नाही. मग सोबतचा मुलगा किंवा सून दुभाष्याचे काम करते. कुठे दुखते हे विचारण्यास ही सोय पुरते. लघवी-शौचाविषयी मात्र मुलादेखत बोलणे आईला जड जाते. बेडपॅन मागावा लागू नये म्हणून पाणीच कमी पिणारे रुग्ण असतात, आणि त्यातून बद्धकोष्ठ किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग बळावू शकतो. त्यामुळे वेदना, तहान, लघवी एवढ्यांपुरते शब्द तरी परिचारिकेला दोन्ही भाषांत यावेत, आणि हे प्रश्न तिने नातेवाइकांना बाजूला करून विचारावेत. रुग्णाच्या डोक्यावरून त्याला न कळणाऱ्या भाषेत चाललेली चर्चा तर भीतीच वाढवते.

काकू, मामा ही संबोधने येथे सहज रुळलेली आहेत. प्रौढाशी लाडीक बोलणे मात्र त्याला कमी लेखणारे ठरते. ‘लवकरच चालाल’ हे आश्वासनही, वैद्यकीय आधार नसेल तर, टाळलेले बरे. रुग्णाला घरी पाठवताना कूस बदलणे केवळ तोंडी न सांगता घरच्यांकडून एकदा करवून घेतात, आणि त्या वेळी सूचना रुग्णालाही उद्देशून देतात.