न सापडलेली माणसं कशी मोजतात?

"आता सगळ्यांकडे आधार कार्ड आहे, मग दारोदार फिरून माणसं मोजायचा खटाटोप कशाला?" १६ जून २०२५ ला नव्या जनगणनेची अधिसूचना निघाली आणि तेव्हापासून हा प्रश्न मला सारखा विचारला जातोय. उत्तर थोडक्यात सांगतो. आधारसाठी माणूस केंद्रावर जातो, जनगणनेत मोजणारा माणसाच्या दाराशी येतो. शिवाय आधारवर पत्ता बीडचा असतो आणि माणूस पाच वर्षं पुण्याजवळच्या भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत असतो. त्याला पाणी, रेशन, मुलांना शाळा लागते ती भोसरीत. कार्डं किती वाटली यावरून आज कुठे किती माणसं राहतात ते कळत नाही.

पण मला याहून मोठा वाटणारा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. दारोदार फिरूनही जी माणसं राहून गेली, ती किती हे कसं कळतं?

२०११ च्या जनगणनेत सुमारे १२१ कोटी लोक मोजले गेले. त्यानंतर जनगणना कार्यालयानं स्वतःच पडताळणी केली आणि हजारी २३ माणसं मोजणीतून सुटल्याचा अंदाज जाहीर केला. दोनदा मोजलेले वजा केल्यानंतरची ही निव्वळ तूट आहे. म्हणजे साधारण पावणेतीन कोटी माणसं. १९५१ मध्ये हीच तूट हजारी ११ होती. आपली चूक शोधून आकड्यासकट छापणाऱ्या यंत्रणेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण जो सापडलाच नाही, तो सापडला नाही हे कळलं कसं?

इथून पुढे थोडं गणित आहे, शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाइतकंच. एका वस्तीत प्रगणकानं, म्हणजे घरोघर जाऊन मोजणाऱ्यानं, १८० माणसं नोंदवली. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती त्याच वस्तीत गेली. तिला पहिली यादी दाखवलेली नाही. तिला १५० माणसं सापडली. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक नाव जुळवलं, तेव्हा १३५ नावं दोन्हीकडे निघाली.

आता दुसऱ्या यादीतल्या १५० जणांकडे पाहा. त्यातले १३५ पहिल्या प्रगणकालाही सापडले होते, म्हणजे शंभरात ९०. पहिल्या जाळ्यात शंभरातले ९० अडकतात आणि एकूण अडकले १८०, तर वस्तीत माणसं असणार २००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी नावं भरतात १९५ : दोन्हीकडची १३५, फक्त पहिल्यातली ४५, फक्त दुसऱ्यातली १५. उरलेली ५ माणसं कुणालाही दिसलेली नाहीत, कुठल्याच कागदावर नाहीत, आणि तरीही ती आहेत असं गणित सांगतं. ४५ ला १५ नं गुणा, १३५ नं भागा, उत्तर ५. हा चौथा रकाना, दोन्ही याद्यांत नसलेल्यांचा, पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी तो वहीत पुन्हा पुन्हा मांडून पाहिला होता. तळ्यातले मासे पकडून, खुणा करून, परत सोडून अंदाज घेतात, त्याच जातीची ही युक्ती.

माणसांच्या नोंदींसाठी तिला शास्त्रशुद्ध रूप मिळालं ते आपल्याकडच्या माहितीवर. कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरात जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी आणि घरोघर फिरून केलेली यादी, अशा दोन याद्या जुळवल्या गेल्या. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. जपानच्या कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे डेमिंग ते हेच. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. ती संस्था आज देवनारला आहे. अमेरिका आपल्या जनगणनेतली तूट काढते तीसुद्धा याच पायावर. चंद्रशेखरन हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावं, याची मला खंत वाटते.

त्यांच्या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र सूत्राच्या पुढचा आहे. सूत्र खरं ठरायला एक अट लागते : पहिल्या फेरीत सुटलेला माणूस दुसऱ्या फेरीत सुटण्याची शक्यता इतरांइतकीच असली पाहिजे. प्रत्यक्षात तसं नसतं. जो पहिल्याला सापडत नाही, तो बहुधा दुसऱ्यालाही सापडत नाही.

समजा, गावठाणात १०० माणसं आहेत आणि शेजारच्या फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतावर, ऊसतोड टोळीची १०० माणसं कोप्यांत, तात्पुरत्या झोपड्यांत, उतरली आहेत. गावठाणातली माणसं प्रत्येक फेरीत शंभरात ९० सापडतात, कोप्यांतली ५०, कारण ती पहाटेच तोडीला निघून जातात. दोन्ही फेऱ्यांत प्रत्येकी १४० नावं मिळतील. जुळणारी नावं, गावठाणातली ८१ आणि कोप्यांतली २५ मिळून १०६. सरसकट सूत्र लावलं तर उत्तर येतं १८५. पंधरा माणसं गेली! हाच हिशेब वेगवेगळा करा. गावठाण : ९० गुणिले ९० भागिले ८१, म्हणजे १००. कोप्या : ५० गुणिले ५० भागिले २५, म्हणजे १००. बेरीज २००. माहिती तीच, फक्त ती सारख्या माणसांच्या गटांत विभागली. वय, स्त्री-पुरुष, वस्तीचा प्रकार असे गट पाडून मग बेरीज करा, हे चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचं सांगणं होतं. एका गटातल्या माणसांमध्येही फरक उरतोच, त्यामुळे अंदाज खऱ्यापेक्षा थोडा कमीच राहण्याकडे झुकतो.

दुसरी अडचण नावांची. पहिल्या यादीत 'बाळासाहेब', दुसरीत 'बाळू'. सून माहेरच्या नावानं एका ठिकाणी, लग्नात बदललेल्या नावानं दुसऱ्या ठिकाणी. वय एकदा ४०, एकदा ४३. ही एकच व्यक्ती आहे हे ओळखलं नाही तर जुळणारी नावं कमी भरतात, तीच संख्या सूत्रात खाली भाजकात असते, आणि नसलेली माणसं हिशेबात जन्माला येतात. म्हणून जुळवणी करणाऱ्याला नातं, वय, घरक्रमांक सगळं ताडून पाहावं लागतं, शंका आली तर पुन्हा घरी जावं लागतं. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण सगळा अंदाज त्याच्यावर उभा आहे.

सुटतात कोण? शहरात तूट खेड्यांपेक्षा जास्त आहे. कुलूपबंद फ्लॅट, भाडेकरू, एका खोलीत पाळीनं झोपणारे कामगार ही त्याची ओळखीची कारणं. आणि जगभर सुटतात ती तान्ही मुलं. आपल्याकडे त्यात "पोरं मोजू नयेत, दृष्ट लागते" ही समजूत भर घालते. बारसं झालेलं नाही म्हणूनही बाळ सांगायचं राहतं. मोजल्यानं कुठल्याही बाळाला काही होत नाही. न मोजल्यानं मात्र त्या वस्तीच्या अंगणवाडीचा आणि लशींचा हिशेब कमी पडतो. नाव ठेवलेलं नसलं तरी बाळाची नोंद होते. दुसरी भीती माहिती फुटण्याची. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम १५ नुसार या नोंदी कुणाला पाहायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही सहसा चालत नाहीत.

१८८१ ते १९३१ या काळात देशभर एकाच रात्री मोजणी व्हायची आणि त्यासाठी चांदण्या रात्री निवडल्या जायच्या, कारण कंदील घेऊन गल्लीबोळ फिरायचे असत. १९४१ पासून ती पद्धत गेली. आता मोजणी काही आठवडे चालते आणि एक क्षण संदर्भासाठी धरला जातो. यावेळी तो १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा आहे. लडाख आणि हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६.

नवी जनगणना मोबाईलवर होणार, लोकांना स्वतःची माहितीही भरता येणार. त्यामुळे आकडे लवकर मिळतील हे खरं. पण "डिजिटल झालं, आता चूक होणार नाही" अशी जी हवा केली जातेय ती मला पटत नाही. ॲप बेरीज चुकू देत नाही, पण प्रगणक ज्या झोपडीपर्यंत गेलाच नाही तिथलं कुटुंब ॲपला दिसत नाही. उलट दोनदा नोंदीचा धोका वाढतो : पुण्यातल्या मुलाचं नाव आईवडील गावी भरणार आणि तो स्वतः खोलीवर पुन्हा भरणार. पडताळणीची दुसरी फेरी त्यामुळे पूर्वीइतकीच लागणार, आणि ती पहिली यादी न पाहता करावी लागणार.

प्रत्यक्ष माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारीत असतो, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मागच्या वेळचा नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला गावी मोजायचं नाही, तो असेल तिथे मोजायचा. म्हणजे बीडचं जोडपं सांगलीच्या फडावर, कोपीत मोजलं गेलं पाहिजे. पण घरयादी आणि नजरी नकाशा (वस्तीचा हातानं काढलेला ढोबळ आराखडा) आधीच्या टप्प्यात तयार होतो, तेव्हा त्या शेतात कोपी उभीच नसते. यंदा तुमच्या शिवारात टोळी उतरली, तर प्रगणक आल्यावर त्याला कोप्या कुठे आहेत तेवढं दाखवा, आणि टोळीचा मुकादम, म्हणजे प्रमुख, कोण तेही सांगा. पहाटेची वेळ गाठायची असते, ते त्याला ठाऊक नसेल.