पीएफजीई आणि एमएलएसटी: रुग्णालयातील जिवाणूंचे नाते कसे ठरते

अतिदक्षता विभागातील तीन रुग्णांच्या रक्तात एकाच आठवड्यात एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणू) सापडला आणि तिन्ही अहवालांवर 'एसटी २२' असे आले, की संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे मानण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. एसटी (सीक्वेन्स टाइप) हा क्रमांक एमएलएसटी, म्हणजे मल्टिलोकस सीक्वेन्स टायपिंग, या पद्धतीने मिळतो. तीत पेशीचा रोजचा कारभार चालवणाऱ्या, सावकाश बदलणाऱ्या सात जनुकांचे प्रत्येकी सुमारे चारशे ते पाचशे डीएनए-अक्षरांचे तुकडे वाचले जातात, म्हणजे जवळपास २८ लाख अक्षरांच्या जीनोमपैकी (जिवाणूच्या सगळ्या डीएनएपैकी) फार थोडा भाग. एसटी २२ भारतात आणि युरोपात दूरवर पसरलेला असल्याने त्याची जुळणी फक्त घराणे सांगते. दोघांचे आडनाव पाटील आहे एवढ्यावरून ते एका घरात राहतात असे ठरत नाही.

पीएफजीई (पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस) ही दुसरी पद्धत मात्र संपूर्ण जीनोमवर काम करते. लांबलचक डीएनए पिपेटमधून ओढला तर तुटतो, म्हणून जिवाणू आधी वितळलेल्या अगारोज या जेलीसारख्या पदार्थात मिसळून त्याच्या छोट्या वड्या पाडतात, पेशी त्या वडीतच फोडतात आणि एसएमए-१ या एन्झाइमने डीएनए कापतात. निघालेले दहा-वीस मोठे तुकडे जेलमध्ये वीस तासांच्या आसपास, विद्युतप्रवाहाची दिशा पुन्हापुन्हा बदलत, वेगळे केले जातात आणि ते पट्ट्यांच्या रूपात दिसतात. १९९५ साली मांडलेल्या टेनोव्हर निकषांनुसार दोन-तीन पट्ट्यांचा फरक म्हणजे निकटचे नाते, तर सात किंवा अधिक पट्ट्यांचा फरक म्हणजे वेगळा स्ट्रेन (उपप्रकार). हे निकष अल्पकाळातील स्थानिक उद्रेकासाठी आहेत. अनेक वर्षांच्या संग्रहाला ते सर्रास लावले जातात, हे मला तरी चुकीचे वाटते.

एमएलएसटीचे बळ तुलनेत आहे: पुण्यातला क्रमांक लिस्बनमधल्या क्रमांकाशी थेट ताडून पाहता येतो, तर दोन प्रयोगशाळांची जेल जुळवताना नाकी नऊ येतात. शिवाय एमआरएसएच्याच एसटी ३९८ या घराण्याच्या डीएनएला एसएमए-१ कापतच नाही, त्यामुळे पट्ट्यांचा नमुनाच मिळत नाही. अर्थात क्रमांकही फसवतो: अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या रुग्णालयांतल्या दुसऱ्या जिवाणूसाठी पाश्चर आणि ऑक्सफर्ड अशा दोन एमएलएसटी योजना आहेत आणि पाश्चरचा एसटी २ ऑक्सफर्ड योजनेत १९५, २०८ अशा निरनिराळ्या क्रमांकांनी दिसतो.

आता संपूर्ण जीनोम वाचला की एसटी त्यातूनच मिळतो आणि पट्ट्यांऐवजी एकेका अक्षराचे फरक मोजता येतात. तरीही त्या तीन रुग्णांच्या खाटा आणि तारखा शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्यांवरून संसर्गाचा मार्ग ठरवता येत नाही.