बजेटमधली सहल आणि विसरण्याची कला

'तुमचं बजेट सांगा, सर्वोत्तम सहल एका सेकंदात आखून देतो', असा दावा करणारी ॲप्स हल्ली रोज दिसतात. त्यातल्या 'सर्वोत्तम' या शब्दापाशी मी अडतो. चांगली सहल आखणं शक्य आहे. पण याहून चांगली असूच शकत नाही, असं छातीठोकपणे सांगणं महाकठीण आहे.

नकाशाचं ॲप जवळचा रस्ता क्षणात काढतं, मग हे का जमू नये? कारण दोन्ही प्रश्नांची जातच वेगळी. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची झटपट पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केली. सहलीत मात्र कुठे जायचं हेच ठरलेलं नसतं. ठिकाणं वीस आवडतात, वेळ आणि पैसा पाच-सहांपुरताच. कोणती निवडायची आणि कोणत्या क्रमाने बघायची, हे एकदमच ठरवावं लागतं, कारण क्रम बदलला की प्रवासाचा खर्चही बदलतो. गणितात याला 'ओरिएंटिअरिंग'चा प्रश्न म्हणतात. त्या नावाच्या खेळाच्या एका प्रकारात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त गुणांच्या खुणा गाठून परत यायचं असतं. गोल्डन, लेव्ही आणि व्होरा या संशोधकांनी १९८७ मध्ये हा प्रश्न 'एनपी-हार्ड' असल्याचं दाखवलं. म्हणजे ठिकाणं वाढली तरी दर वेळी लवकर आणि अचूक उत्तर देईल अशी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही.

एक चौकोन काढा, प्रत्येक बाजू २ तासांची. एका कोपऱ्यावर मुक्काम, उरलेल्या तिन्हींवर ओळीने क, ख, ग. जागा जितकी आवडती तितके तिला गुण, या प्रत्येकाला ६. ख च्या बरोबर उलट दिशेला, मुक्कामापासून तासाभरावर घ, तिला ४ गुण. हातात ८ तास. 'तासाला सर्वांत जास्त गुण देणारी जागा आधी' असा हावरा नियम लावला, तर आपण घ कडे धावतो, तिथून क गाठतो आणि मग परतावंच लागतं. गुण १०. चौकोनाला सरळ फेरी मारली असती तर १८!

मग सगळेच क्रम तपासू? वीस ठिकाणांचे क्रम होतात सुमारे २४ हजार कोटी कोटी, नेमके २,४३२,९०२,००८,१७६,६४०,०००. सेकंदाला १०० कोटी तपासले तरी ७७ वर्षं लागतील.

इथे माझी लाडकी युक्ती येते. १९६२ मध्ये गणितज्ञ बेलमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्ड व कार्प यांनी ती मांडली. मुक्काम–क–ख–ग आणि मुक्काम–ख–क–ग हे दोन मार्ग बघा. दोघांनी तीच तीन ठिकाणं पाहिली, दोघेही आता ग पाशी उभे. पहिल्याला ६ तास लागले, दुसऱ्याला साडेसातहून अधिक. इथून पुढे दोघांनाही तीच ठिकाणं उरली आहेत आणि तेच रस्ते. मग दुसऱ्याला पुढे कधीच वरचढ ठरता येणार नाही. त्याला कायमचा विसरा! तो पुढे ज्या असंख्य फाट्यांत वाढला असता, ते सगळे त्याच्यासोबत गळाले. 'काय काय पाहिलं' आणि 'आता कुठे आहोत' एवढंच लक्षात ठेवायचं. कोणत्या क्रमाने आलो ते सोडून द्यायचं. वीस ठिकाणांसाठी काम साधारण ४२ कोटी पायऱ्यांवर येतं. ७७ वर्षांवरून काही सेकंदांवर!

बजेट दुहेरी असेल, वेळही आणि पैसाही, तर विसरणं जपून करावं लागतं. एक मार्ग स्वस्त पण संथ, दुसरा महाग पण वेगवान, तर दोघांनाही ठेवायचं. दोन्ही बाबतींत हरतो किंवा फार तर एकीत बरोबरी करतो, तोच बाद. अशा न हरलेल्या मार्गांची यादी भराभर फुगते.

आणि मुळातच ४० ठिकाणं झाली की 'काय काय पाहिलं' याचे नुसते संचच १ लाख कोटींवर जातात. संगणकाची स्मृती पुरत नाही. म्हणून रोजच्या वापरातल्या पद्धती बऱ्याचदा दुरुस्तीवर चालतात. एक कच्चा आराखडा घ्यायचा, त्यातली काही ठिकाणं काढून टाकायची, रिकाम्या जागी दुसरी बसवून बघायची, पुन्हा पुन्हा. आपल्या हावऱ्या मार्गातून घ काढा. ख बसते, मग ग ही बसते, आणि १८ गुण हाती येतात. हे 'कृत्रिम बुद्धिमत्तेची जादू' म्हणून विकलं जातं तेव्हा मला राग येतो, कारण त्यामागचं गणित जादूपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

अशा दुरुस्तीतून आलेलं उत्तर किती चांगलं, हेही मोजता येतं. काही अटी सैल करून तोच प्रश्न सोडवला, तर कोणत्याही सहलीला ओलांडता न येणारी गुणांची वरची मर्यादा मिळते. ॲपने 'सर्वोत्तम' लिहिण्याऐवजी लिहावं: 'ही सहल ९५ गुणांची, १०० च्या वर कोणतीच जाऊ शकत नाही.'