कॅनच्या कड्या आणि मोफत डायलिसिस

"शीतपेयाच्या कॅनची उघडायची कडी वेगळी जमवा, ती महागड्या शुद्ध धातूची असते, किलोभर कड्यांच्या बदल्यात गरीब रुग्णाला मोफत डायलिसिस मिळतं," हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ही गोष्ट खरी नाही.

कडीही अ‍ॅल्युमिनियमचीच, आणि शुद्ध तर नाहीच: मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू. तिचं वजन ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा, तर रिकामा कॅन साधारण 13 ते 15 ग्रॅम. म्हणजे किलोभर कड्यांसाठी 3000 च्या आसपास कॅन उघडावे लागतील. अख्खे कॅन 70-75 दिले तरी किलो होतो. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तीसेक कड्या एकत्र ठेवून बघा. मग भंगारवाल्याला किलोचा भाव विचारा आणि रुग्णालयात एका डायलिसिसचा खर्च. हिशेब तिथेच उलगडतो.

मालवण-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर कॅन भरपूर सापडतात. कडी तोडू नका. सुटी कडी वाळूत पडते आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्याच्या अनवाणी पायात घुसते. आधी वाळू झटका, कॅन विसळा, वाळवा, मगच चेपा. चेपल्याने वजन वाढत नाही, जागा तेवढी वाचते. आत वाळू अडकली तर मात्र भंगारवाला वजनात घट धरणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. डबा लोहचुंबकाला चिकटला तर तो लोखंडी पत्र्याचा, वेगळ्या पोत्यात टाका. मिळालेले पैसे ओळखीच्या रुग्णाच्या घरी थेट नेऊन द्या.