पॅकेजमधील फायलींच्या जागांची तपासणी

सॉफ्टवेअर पॅकेज इन्स्टॉल झाल्यावर त्यातली प्रत्येक फाईल ठरलेल्या डिरेक्टरीतच जाते ना, हे पडताळण्याचे काम. लिनक्स आणि बीएसडी घराण्यातल्या प्रणालींवर ते बहुतेक पॅकेज बांधतानाच उरकले जाते. कोणत्या डिरेक्टरीत पॅकेज व्यवस्थापकाने लिहायचे, कुठे यंत्राच्या प्रशासकाने आणि कुठे चालू प्रोग्रॅमने, याच्या हद्दी आखलेल्या असतात. तपासणी मुख्यतः या हद्दींवर लक्ष ठेवते.

हद्दी लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येच ‘हायर’ नावाचे मॅन्युअल पान होते आणि त्यात डिरेक्टऱ्यांची मांडणी दिलेली होती. लिनक्सची वितरणे (वापरायला तयार संच; आजची डेबियन, फेडोरा, जेंटू, आर्च ही अशीच) वाढली, जो तो आपापल्या सोयीने फायली ठेवू लागला, तेव्हा फेब्रुवारी 1994 मध्ये एक सामाईक मानक निघाले. पुढे बीएसडीच्या मंडळींनाही सामावून घेऊन त्याचे ‘फाईलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड’ (एफएचएस) झाले. त्याची 3.0 ही आवृत्ती 2015 ची. मानक एकच असले तरी ते सगळीकडे सारखे लागू होत नाही. डेबियनच्या पॅकेजने ‘/यूएसआर/लोकल’मध्ये फाईल टाकली तर ती चूक ठरते, कारण ती जागा प्रशासकाची. फ्रीबीएसडी या बीएसडी प्रणालीच्या पोर्ट्सचे (तिथल्या जोड-सॉफ्टवेअरच्या संग्रहाचे) मात्र तेच हक्काचे घर आहे. नेटबीएसडी या दुसऱ्या बीएसडी प्रणालीवर पॅकेजसोर्स या संग्रहाची पॅकेजे ‘/यूएसआर/पीकेजी’मध्ये जातात. त्यामुळे ‘बरोबर जागा कोणती’ हे विचारण्याआधी ‘कोणत्या प्रणालीवर’ हे विचारावे लागते.

चुकीच्या जागेचा त्रास लगेच दिसत नाही, हीच यातली गोम. समजा, एखाद्या सेवेची सेटिंगची फाईल ‘/ईटीसी’ या सेटिंगच्या डिरेक्टरीऐवजी ‘/यूएसआर/शेअर’ या प्रोसेसरवर न अवलंबणाऱ्या सामाईक फायलींच्या डिरेक्टरीत गेली. सेवा व्यवस्थित चालते. प्रशासक त्या फाईलमध्ये पोर्ट क्रमांक बदलतो, तेही चालते. मग पुढची आवृत्ती येते, पॅकेज व्यवस्थापक ‘/यूएसआर’मधली आपली फाईल बिनदिक्कत नव्याने लिहितो आणि बदल पुसला जातो. ‘/ईटीसी’मधली फाईल सेटिंग म्हणून नोंदलेली असती तर डेबियनने आधी विचारले असते, आरपीएमने (फेडोरासारख्या वितरणांच्या पॅकेज व्यवस्थापकाने) जुनी किंवा नवी प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवली असती. उलट चूकही होते: प्रोग्रॅम स्वतःच बदलत राहणारी फाईल ‘/ईटीसी’मध्ये ठेवली, तर अद्ययावत करताना वापरकर्त्याला अशा बदलांबद्दल विचारले जाते, जे त्याने केलेलेच नसतात.

तपासणीचा पाया म्हणजे तात्पुरत्या झाडात, म्हणजे डिरेक्टऱ्यांच्या वेगळ्या रचनेत, केलेले इन्स्टॉलेशन. मेकफाईलला (बांधणीच्या सूचनांच्या फाईलला) ‘डेस्टडिर’ या चलातून एक रिकामी डिरेक्टरी दिली जाते आणि खऱ्या ‘/यूएसआर/बिन’ऐवजी सगळे त्या डिरेक्टरीखालच्या ‘/यूएसआर/बिन’मध्ये उतरते. मग ते झाड सावकाश चाळता येते. मेकफाईलमधल्या एखाद्या ओळीत हे चल लिहायचे राहिले की ती फाईल झाडाबाहेर, थेट बांधणीच्या यंत्रावर जाते. बांधणी मूळ प्रशासकाच्या (‘रूट’च्या) अधिकाराने चालली असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही; पॅकेजमध्ये फाईल नसते, बनवणाऱ्याच्या यंत्रावर असते आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ऐकू येते. जेंटूमध्ये यासाठी सँडबॉक्स आहे: झाडाबाहेर लिहिण्याचा प्रयत्न झाला की बांधणी तिथेच थांबते.

झाड तयार झाले की दोन प्रकारे पाहतात. एक, यादीशी ताळा. आरपीएम झाडातल्या फायली आणि पॅकेजच्या यादीतल्या फायली जुळवतो. झाडात आहे पण यादीत नाही अशी फाईल सापडली तर सहसा बांधणी नापास होते. फ्रीबीएसडीमध्येही यादीचा असाच ताळा करण्याची सोय आहे. दोन, नियमांची चाळणी. डेबियनचे लिंटियन, आरपीएमसाठीचे आरपीएमलिंट आणि आर्च लिनक्सचे नॅमकॅप हे काम करतात. ‘/टेंप’ या तात्पुरत्या फायलींच्या जागेत टाकलेली फाईल, मुळाशी (थेट ‘/’खाली) उगवलेली अनोळखी डिरेक्टरी, प्रोसेसर-विशिष्ट बायनरी चुकून ‘/यूएसआर/शेअर’मध्ये जाणे, असे प्रकार त्यांना सापडतात. बायनरी लायब्ररीची नेमकी जागा हा वेगळाच गुंता आहे: 64 बिटच्या इंटेल-एएमडी यंत्रांसाठी फेडोरा ‘/यूएसआर/लिब64’ वापरतो, डेबियन मात्र ‘लिब’खाली प्रोसेसरच्या नावाची स्वतंत्र डिरेक्टरी ठेवतो.

पायथॉनच्या पॅकेजांत एक चूक फार आढळते. लेखकाने आपल्या चाचण्या ‘टेस्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात आणि ‘सापडतील ती सगळी पॅकेजे घ्या’ अशी सूचना दिलेली असते. मग तो फोल्डरही सामाईक ‘साइट-पॅकेजेस’मध्ये वरच्याच पातळीवर जाऊन बसतो. एकट्या पॅकेजला काही होत नाही. दुसऱ्या कुणी हेच केले की एकाच मार्गावर दोन मालक उभे राहतात आणि दुसरे पॅकेज इन्स्टॉल होण्यास नकार देते. जेंटूची बांधणी असा फोल्डर दिसताच थांबते. हा कडकपणा योग्यच आहे. नुसत्या इशाऱ्याकडे लक्ष देणारे थोडेच.

मार्ग वेगळा दिसला म्हणजे जागा वेगळी असेलच असे नाही. फेडोराने 2012 मध्ये, सतराव्या आवृत्तीत, ‘/बिन’ आणि ‘/लिब’ या डिरेक्टऱ्या ‘/यूएसआर’मधल्या डिरेक्टऱ्यांकडे नेणारे दुवे करून टाकले. डेबियनने 2023 च्या बाराव्या आवृत्तीत हीच रचना सक्तीची केली, पण त्याचा पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी हे दोन मार्ग वेगळेच समजत होता. एका पॅकेजातली ‘/बिन’मधली फाईल नव्या आवृत्तीत दुसऱ्या पॅकेजाच्या ‘/यूएसआर/बिन’मध्ये हलवली, तर नवे पॅकेज ती फाईल लिही, मागून जुने पॅकेज ‘आपली’ फाईल पुसायला जाई आणि दुव्यातून नवीच पुसली जाई. म्हणून अशा हलवाहलवीवर डेबियनला काही काळ बंदी घालावी लागली.

इन्स्टॉल झाल्यानंतरही काही तपासता येते. ‘डीपीकेजी’ किंवा ‘आरपीएम’ला फाईलचा मार्ग दिला की ती कोणत्या पॅकेजची हे कळते, बेवारस फायली अशाच सापडतात. इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टने किंवा चालू प्रोग्रॅमने निर्माण केलेली फाईल मात्र कुठल्याच यादीत नसते. त्यासाठी डेबियनमध्ये पिउपार्ट्स आहे. ते वेगळ्या काढलेल्या प्रणालीत पॅकेज इन्स्टॉल करते, अद्ययावत करते, पुरते काढून टाकते आणि मागे काय उरले ते मोजते.

निक्सओएस या लिनक्स वितरणावर ही सगळी चर्चा बरीचशी गैरलागू होते. तिथे प्रत्येक पॅकेज ‘/निक्स/स्टोअर’मध्ये स्वतःच्या डिरेक्टरीत राहते आणि ‘/यूएसआर/बिन’मध्ये सहसा एकटा ‘एन्व्ह’ हा छोटा प्रोग्रॅम असतो. तपासायचे उरते ते इतकेच, की एखाद्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, जिथे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा मार्ग लिहिलेला असतो, अजून जुना मार्ग राहिला आहे का.