पगार घटतो तेव्हा डोक्यात काय घडतं

मागच्या मार्चमध्ये दादाच्या कारखान्यातली रात्रपाळी आणि ओव्हरटाइम दोन्ही बंद झालं. नागपूरजवळच्या हिंगण्याहून घरी येणारा 42,000 चा पगार 27,000 वर आला. पहिले दोन महिने घरात काहीच बदललं नाही. पोरीची शिकवणी, रविवारचं सावजी मटण, रात्रीचा एसी, सगळं तसंच सुरू होतं. मेमध्ये क्रेडिट कार्डावर 20,000 रुपयांची थकबाकी दिसली, तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

हा बेफिकीरपणा नव्हता. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूझेनबेरी यांनी 1949 मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न वाढलं की खर्च चढतो, पण उत्पन्न घटलं की तो त्याच वेगाने उतरत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं हे आहे. पुढे पायडल मारलं की चाक फिरतं, मागे मारलं की नुसता कटकट आवाज येतो. त्या चढलेल्या राहणीमानाचा खर्च मग कर्जातून भागतो. कार्डाचं महिन्याला साडेतीन टक्के व्याज वर्षाला 42 टक्के वाटतं, पण व्याजावर व्याज चढत 51 टक्क्यांवर जातं. ते 20,000 वर्षभर तसेच पडून राहिले असते तर दंड आणि कर सोडूनही 30,200 च्या वर गेले असते. म्हणून वहिनींनी पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या आणि कार्ड आधी मोकळं केलं. सोनेतारणाचं व्याज त्यामानाने कितीतरी कमी असतं.

मग वही काढली. किराणा, भाजी, दूध मिळून 13,000. आधी हा पगाराचा 31 टक्के भाग होता, आता एकदम 48 टक्के. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून 1857 मध्ये हाच नियम मांडला होता : घर जितकं गरीब, तितका अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे 2023-24 च्या राष्ट्रीय पाहणीतही तो दिसतो. शहरी घरांच्या खर्चात अन्नाचा वाटा 39.68 टक्के, ग्रामीण घरांत 47.04.

आकडा मोठा दिसला की हात आधी तिथेच जातो. वहिनी दादाला म्हणाल्याच, “अहो, दूध अर्धा लिटर कमी करू का?” मला हे फार लागलं. वाढत्या मुलीच्या ताटातून दूध आणि डाळ काढणं ही बचत नाही. ज्वारीत लायसिन हे प्रथिनांचं घटकद्रव्य कमी असतं आणि तुरीच्या डाळीत ते भरपूर असतं. भाकरीसोबतचं वरण त्यामुळेच टिकायला हवं.

शिवाय रोज दहा ठिकाणी दहा-दहा रुपये वाचवण्याची किंमत डोक्याला मोजावी लागते. तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्याची तोडणीआधी, हात रिकामे असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, बुद्धीची चाचणी घेतली. आधीचे गुण कमी आले. अभ्यासकांचं म्हणणं असं, की पैशाची चिंता सतत लक्ष खात राहते आणि बाकीच्या विचारांना जागा उरत नाही. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण रात्री दोनला जागा असलेला दादा मी पाहिला आहे. अशा डोक्याला रोज नवे निर्णय घ्यायला लावू नयेत. एकदाच घ्यायचे, पण मोठे घ्यायचे.

पहिला निर्णय घरकर्जाचा. हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून घेतली. एकूण व्याज वाढलं, पण दरमहा श्वास घेता आला.

दुसरा निर्णय एसीचा, आणि इथे नागपूरचं ऊनच मदतीला आलं. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. 200 वॉटचा कूलर पाच तासांत एक युनिट घेतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला एसीचे किमान 240 युनिट आणि कूलरचे 48. कूलरला एवढ्या कमी विजेत जमतं कसं? कारण गारवा पाण्यामुळे येतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. ही जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेएवढी ऊर्जा झाली. हवा कोरडी असेल तरच पाणी झपाट्याने उडतं, आणि मे महिन्यातली आपली हवा कोरडीठाक असते. मुंबईत हा हिशेब कोलमडेल. जुलैत इथेही कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा पंखाच बरा. त्यात महावितरणचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटचे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. म्हणजे वाचलेले 190 युनिट बिलातल्या सगळ्यात महाग भागातून कमी होतात. जुन्या कूलरला नवा वाळा बसवला आणि एसीचा रिमोट कपाटात गेला.

तिसरा निर्णय वहिनींचा. भाजी, फळं आणि वरखर्चासाठी आठवड्याचं एक पाकीट. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यात हाही विषय होता : माणूस पैसा मनातल्या वेगवेगळ्या खात्यांत टाकतो आणि एका खात्याचा दुसरीकडे सहज वापरत नाही. आमच्या आजीचे तांदळाच्या डब्यातले पैसे तेच काम करायचे. पाकिटामुळे महिन्याचा सगळा हिशेब एका प्रश्नावर येतो : पाकिटात किती उरले?

जूनच्या पहिल्या शनिवारी 140 रुपये उरले. वहिनींनी ते पुढच्या पाकिटात टाकले नाहीत. पोरीला घेऊन बर्डीच्या बाजारात गेल्या आणि दोघी उसाचा रस पिऊन आल्या.