सर्व्हरच्या बटणावर हक्क कोणाचा : पार्श्वभूमी

वापरकर्त्याला नेमून दिलेला सर्व्हर चालू-बंद करण्याचा अधिकार त्याचा की प्रशासकाचा, हा वाद मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सर्व्हर रूममध्येही निघतो. पूर्वी त्याला जागाच नव्हती. युनिक्समध्ये यंत्र बंद करण्याची आज्ञा रूट, म्हणजे प्रशासकाच्या सर्वाधिकारी खात्याकडे असे आणि बटण दाबायचे तर कुलूपबंद खोलीची किल्ली लागे.

१९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी आयपीएमआय हे सर्व्हरवर देखरेख व नियंत्रण ठेवण्याचे मानक आणले आणि पुढे त्यातूनच बटण नेटवर्कवर गेले. मदरबोर्डवरचा बीएमसी हा छोटा स्वतंत्र संगणक, मुख्य यंत्र बंद असतानाही स्टँडबाय विजेवर जागा राहून, दुरून आलेला आदेश पाळतो. त्याचा पासवर्ड मिळाला की कन्सोलही, म्हणजे जणू यंत्रासमोर बसून काम करण्याची सोय मिळते आणि यंत्र कशावरून बूट, म्हणजे सुरू करायचे हेही ठरवता येते. आयपीएमआय २.० मध्ये तर लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड ताडून पाहता येतो असा सांकेतिक ठसा, समोरच्याच्या हाती पडू शकतो, हे २०१३ मध्ये चांगलेच गाजले. तेव्हापासून बीएमसी वेगळ्या नेटवर्कवर आणि फक्त प्रशासकाकडे ठेवण्याचा आग्रह वाढला, आणि तो रास्तच आहे.

दरम्यान २००६ मध्ये आलेल्या ॲमेझॉनच्या ईसी२ सारख्या क्लाउड सेवांनी वापरकर्त्यांना आभासी यंत्रे (खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रे) स्वतःच हाताळण्याची सवय लावली होती. ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या आयर्निक प्रकल्पाने अख्खे खरे यंत्र त्याच पद्धतीने द्यायला सुरुवात केली, तेव्हा बटण प्रशासकाकडे ठेवण्याची आणि ते वापरकर्त्याने स्वतः हाताळण्याची, अशा दोन्ही सवयी समोरासमोर आल्या. आयर्निक ठरावीक वेळाने बीएमसीला यंत्राची स्थिती विचारतो आणि ती आपल्या नोंदीशी जुळली नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे यंत्रालाच नोंदीबरहुकूम वागायला लावतो. विद्यार्थी टर्मिनलवर ‘पॉवरऑफ’ देऊन घरी जातो, पंखे थांबतात आणि मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा घरघरू लागतात. उलट सेटिंग केले, तर यंत्र बंदच राहते आणि नोंद बदलते. म्हणजे कोणाचे ऐकायचे, हे एका ओळीच्या सेटिंगवर ठरते, आणि त्या ओळीकडे यंत्र देताना कोणी फारसे पाहत नाही.

आपल्याकडे यात भारनियमनाची भर पडते. वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप चालू व्हावे की बंद राहावे, हे बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. सगळ्या रॅकला ‘चालू’ ठेवले, तर कृषिपंपांच्या ऑटोस्विचमुळे ट्रान्सफॉर्मरवर येतो तसाच एकदम भार यूपीएसवर येतो. नेमून दिलेल्या मुदतीत बटण वापरकर्त्याकडे असावे, हे मान्य करूनही, यूपीएस सामायिक असल्याने अशा वेळी कोणते यंत्र आधी उठवायचे हे प्रशासकानेच ठरवलेले बरे.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये आयर्निकने यंत्राचा मालक आणि भाडेकरू यांची वेगळी नोंद आणली. त्यामुळे भाडेकरूला बीएमसीचा पासवर्ड न दाखवता यंत्र चालू-बंद करण्याची मुभा देता येते; मात्र ती द्यायची की नाही, हे पॉलिसी फाइलमध्ये लिहितो प्रशासकच.